उभा अँटेना की आडवी तार? जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत हॅम रेडिओ कशाने पोहोचतो

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर मुसळधार पावसात डोंगराचा कडा कोसळला. १५१ जणांचा जीव गेला. गाव गाडले गेल्याचे सर्वप्रथम लक्षात आले ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाच्या. जिथे घरे असायला हवी होती, तिथे त्याला चिखलाचा ढिगारा दिसला.

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम भागात, सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत, ‘संपर्क तुटणे’ म्हणजे काय हे या घटनेवरून कळते. रस्ता बंद, वीज नाही, मोबाइलचा मनोरा बंद, अशा वेळी चालू शकणारी जी थोडी साधने आहेत त्यांत हॅम रेडिओ म्हणजेच हौशी रेडिओ येतो. एक संच, एक बारा व्होल्टची बॅटरी आणि एक तार एवढ्यावर तो चालतो. मधे कोणताही मनोरा किंवा कंपनी लागत नाही.

पण ती तार कशी लावली आहे यावर सगळे अवलंबून असते. चुकीचा अँटेना लावला तर एक हजार किलोमीटरवरच्या दिल्लीशी बोलणे होईल आणि सत्तर किलोमीटरवरच्या पुण्याला काहीच ऐकू जाणार नाही. असे का होते आणि या दोन तालुक्यांत कोणता अँटेना कशासाठी लावावा, हे समजून घेऊ.

‘लो-बँड’ म्हणजे काय?

हौशी रेडिओसाठी ठरवून दिलेल्या लहरींच्या पट्ट्यांना बँड म्हणतात. त्यांतले कमी कंप्रतेचे म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीचे तीन बँड ‘लो-बँड’ म्हणून ओळखले जातात: १.८ मेगाहर्ट्झजवळचा १६० मीटर बँड, ३.५ मेगाहर्ट्झजवळचा ८० मीटर बँड आणि ७ मेगाहर्ट्झजवळचा ४० मीटर बँड. ही मीटरमधली नावे लहरीच्या लांबीवरून पडली आहेत. ३०० ला मेगाहर्ट्झने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते.

लहर लांब म्हणून अँटेनाही लांब. अर्ध्या लहरीची आडवी तार, जिला डायपोल म्हणतात, ७.१ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २० मीटर लांब लागते, ३.६ मेगाहर्ट्झसाठी सुमारे ४० मीटर. उभा अँटेना बहुधा पाव लहरीचा असतो. त्याची उंची याच दोन बँडसाठी अनुक्रमे १० आणि २० मीटर भरते. वीस मीटर म्हणजे सहा-सात मजली इमारतीएवढी उंची. लो-बँडवर अँटेनाची चर्चा एवढी रंगते त्याचे पहिले कारण हेच आहे. इथे जागा, तार आणि खांब तिन्हींचा हिशेब करावा लागतो.

डोंगर आडवा आला तर?

पोलिसांचा वॉकी-टॉकी किंवा मोबाइल ज्या उच्च कंप्रतेवर चालतो, त्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मधे डोंगर आला की अडतात. लो-बँडच्या लहरी जमिनीलगत थोड्या वळतात, पण खडकाळ डोंगराळ भागात त्याही काही दहा किलोमीटरांत क्षीण होतात.

त्यांची खरी वाट वरून जाते. जमिनीपासून सुमारे २५० ते ३५० किलोमीटर उंचीवर आयनोस्फिअरचा ‘एफ’ थर असतो. सूर्यप्रकाशाने हवेतल्या कणांचे विद्युतभारित कणांत रूपांतर होते आणि हा थर तयार होतो. लो-बँडच्या लहरी तिथपर्यंत जाऊन आरशावरून उन्हाचा कवडसा परतावा तशा खाली परततात. लहर वर किती कोनात सोडली, यावर ती किती लांब उतरेल हे ठरते.

थर ३०० किलोमीटर उंचीवर आहे असे धरले, तर एका उडीत लहर साधारण इतकी लांब जाते:

- क्षितिजापासून १० अंश: सुमारे २,२०० किलोमीटर
- २० अंश: सुमारे १,३७० किलोमीटर
- ३० अंश: सुमारे ९३० किलोमीटर
- ४५ अंश: सुमारे ५६० किलोमीटर
- ६० अंश: सुमारे ३३० किलोमीटर
- ८३ अंश: सुमारे ७० किलोमीटर

शेवटची ओळ महत्त्वाची आहे. माळीणपासून पुणे सरळ रेषेत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर आहे. म्हणजे तिथून पुण्याला निरोप द्यायचा तर लहर जवळजवळ थेट डोक्यावर सोडावी लागते. लहर वर जाते आणि पावसासारखी वरून खाली येते. त्यामुळे मधल्या डोंगरांचा प्रश्नच उरत नाही. हॅम मंडळी या पद्धतीला ‘एनव्हीआयएस’ म्हणतात. साध्या भाषेत सांगायचे तर ही जवळच्या संपर्कासाठी वापरलेली माथ्यावरची वाट आहे.

आडवी तार काय करते?

जमिनीला समांतर, फार उंच नसलेली तार आपली बरीचशी शक्ती वर फेकते. तारेखालची जमीन लहरीला परावर्तित करते आणि ती परतलेली लहर वरच्या दिशेने मूळ लहरीत मिळते. तारेची उंची पाव लहरीपर्यंत असेल तर सर्वांत जास्त जोर थेट माथ्यावर असतो. उंची अर्धी लहर झाली की जोर ३० अंशांवर येतो. पण ८० मीटर बँडसाठी अर्धी लहर म्हणजे सुमारे ४० मीटर उंची. शेतातल्या बांबूवर किंवा घराच्या गच्चीवर हे जमणारे नाही. म्हणून घरगुती आडवी तार लो-बँडवर जवळपास नेहमीच ‘वर बघणारी’ असते.

दूरच्या संपर्कासाठी हा दोष ठरतो, जवळच्यासाठी हाच गुण आहे. ३.६ मेगाहर्ट्झची तार १० मीटर उंचीवर असेल, तर आदर्श जमीन धरून केलेल्या गणितात २० अंशांच्या कोनात तिची शक्ती माथ्यावरच्या शक्तीच्या सुमारे एक सप्तमांश भरते. जोर सगळा वर. पुणे, नाशिक, मुंबई, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर ही शहरे जुन्नरपासून सरळ रेषेत ३०० किलोमीटरच्या आत आहेत. या सगळ्यांसाठी तीच एक तार पुरते.

आणखी एक सोय आहे. कमी उंचीवरची तार वरच्या कोनात सगळीकडे जवळपास सारखीच शक्ती पसरवते. त्यामुळे ती पूर्व-पश्चिम लावली की दक्षिण-उत्तर, याची फार चिंता करावी लागत नाही. दोन खांब नसतील तर मध्यभागी एकच खांब उभारून तारेची दोन्ही टोके खाली तिरकी ओढतात. उलट्या ‘व्ही’च्या आकाराचा हा अँटेना सर्वांत स्वस्त आणि सर्वांत पटकन उभा राहणारा. पश्चिम पट्ट्यात हिरड्याचे किंवा आंब्याचे उंच झाड असेल तर खांबाचीही गरज नाही.

चांगल्या कामासाठी उंची ४० मीटर बँडला ६ ते १० मीटर आणि ८० मीटर बँडला १२ ते २० मीटर असावी. त्याहून खाली लावली तरी काम चालते, फक्त थोडी शक्ती जमिनीत मुरते.

उभा अँटेना काय करतो?

उभ्या अँटेनाचे वागणे उलटे आहे. तो चहूबाजूंना क्षितिजाच्या दिशेने लहर सोडतो आणि थेट डोक्यावर जवळजवळ काहीच सोडत नाही. पाव लहरीच्या उभ्या अँटेनाची ८३ अंशांच्या कोनातली शक्ती, आदर्श जमिनीवरच्या गणितात, त्याच्या कमाल शक्तीच्या सुमारे एक शतांश भरते. पुण्याला ऐकू न जाण्याचे कारण हे. जमिनीलगतची लहर जिथे संपते आणि आकाशातून येणारी जिथे उतरते, त्या दोहोंमधल्या पट्ट्यात उभ्या अँटेनाचा आवाज फार क्षीण असतो.

पण दूरचे गाठायचे असेल तर त्याला तोड नाही. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालचे हौशी रेडिओ पथक पोर्ट ब्लेअरमध्ये होते. नेहमीचे संपर्क कोलमडल्यावर त्या पथकाने अंदमानातले निरोप मुख्य भूमीवर पोहोचवले. पोर्ट ब्लेअर ते चेन्नई हे अंतर सुमारे १,३५० किलोमीटर, म्हणजे वरच्या यादीतले २० अंश. एवढ्या अंतरासाठी खालच्या कोनातली लहर लागते, आणि लो-बँडवर ती देण्यासाठी ४० मीटर उंच खांब न उभारता चालणारा मार्ग उभा अँटेना हाच आहे.

त्याची किंमत जमिनीत मोजावी लागते. उभा अँटेना म्हणजे अर्धाच अँटेना. दुसरा अर्धा भाग जमिनीने पुरवायचा असतो. जमीन वीज नीट वाहत नसेल तर शक्ती तिथेच उष्णता होऊन जाते. पाव लहरीच्या खांबाचा उपयोगी रोध सुमारे ३६ ओहम असतो. जमिनीचा रोध २० ओहम भरला, तर १०० वॅटपैकी सुमारे ६४ वॅटच बाहेर पडतात. जमिनीचाही रोध ३६ ओहम झाला तर निम्मी शक्ती मातीत जाते.

यावर उपाय म्हणजे खांबाच्या बुडापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या तारा पसरणे. यांना रेडियल म्हणतात. चार तारांपेक्षा सोळा बऱ्या, सोळापेक्षा बत्तीस बऱ्या, पण पुढे फायदा कमी कमी होत जातो. ४० मीटर बँडला १० मीटरच्या १६ तारा म्हणजे १६० मीटर तार झाली. ८० मीटर बँडला हाच आकडा ३२० मीटर होतो. आडव्या डायपोलला मात्र एकूण ४० मीटर तार पुरते.

जमीन कोणती, तेही पाहा

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पश्चिमेकडून पूर्वेकडे बदलत जातात. पश्चिमेला नाणेघाट, भीमाशंकरच्या बाजूला बेसाल्टचा खडक वर आलेला, त्यावर मुरमाचा पातळ थर. पूर्वेला नारायणगाव, मंचरच्या बाजूला कुकडी, मीना, घोड नद्यांच्या काठची बागायती, ओलसर काळी माती.

ओली काळी माती वीज बरी वाहते, खडक वाहत नाही. म्हणून उभा अँटेना पूर्व भागातल्या बागायती शेतात तुलनेने चांगला चालतो. पश्चिमेच्या खडकाळ माळावर त्यालाच जास्त रेडियल लागतात. तिथे तारा जमिनीत पुरता येत नसतील तर अडीच-तीन मीटर उंचीवर ताणलेल्या दोन-चार तारांवरही काम भागते, मात्र त्या माणसांच्या आणि जनावरांच्या वाटेत येता कामा नयेत.

आडव्या तारेला जमिनीचा त्रास होतो, पण कमी. खडकाळ दरीत, जिथे गरज सर्वांत जास्त, तिथेच ती जास्त खात्रीची ठरते. दोघांच्या तुलनेत निर्णायक बाब हीच आहे.

ऐकू येते का?

बोलणे हे अर्धेच काम. लो-बँडवर खरी अडचण ऐकण्याची असते, कारण या लहरींवर गोंगाट फार. विजेच्या तारांवरचे सैल जोड, एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर, सौर कृषिपंपांचे इन्व्हर्टर, जनावरांपासून पिके राखण्यासाठी कुंपणाला लावलेली झटका मशीन हे सगळे रेडिओत घरघर किंवा टकटक आवाज करतात. असा स्थानिक गोंगाट जमिनीलगत येतो आणि उभा अँटेना तो जास्त पकडतो. आडव्या तारेवर तो सहसा कमी असतो.

म्हणून लो-बँडवर दूरचे संपर्क करणारे अनेक जण बोलायला उभा अँटेना आणि ऐकायला वेगळी, जमिनीपासून थोडी वर ताणलेली लांब तार किंवा लहान गोल लूप वापरतात. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसाआधी विजा कडाडू लागल्या की दोन्ही अँटेनांवर कडकड ऐकू येते. त्यावर उपाय नाही.

दिवसा सात, रात्री साडेतीन

अँटेना बरोबर असूनही बँड चुकला तर संपर्क होत नाही. दिवसा आयनोस्फिअरचा खालचा ‘डी’ थर ८० मीटरच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळल्यावर तो विरतो. त्यामुळे साधा नियम असा की दिवसा जवळच्या संपर्कासाठी ७ मेगाहर्ट्झ आणि रात्री ३.५ मेगाहर्ट्झ.

भारत विषुववृत्ताच्या जवळ असल्याने इथला एफ थर दिवसा चांगला दाट असतो. म्हणून युरोपपेक्षा इथे ७ मेगाहर्ट्झवर माथ्यावरची वाट जास्त वेळ उघडी राहते. पहाटेपूर्वी मात्र थर विरळ झालेला असतो. तेव्हा ७ मेगाहर्ट्झची थेट वर सोडलेली लहर परत न येता अवकाशात निघून जाऊ शकते. म्हणून आडवी तार दोन्ही बँडसाठी तयार ठेवणे शहाणपणाचे. एकाच जोडबिंदूपासून दोन वेगवेगळ्या लांबीच्या तारा काढल्या तरी चालते.

मग कोणी काय लावावे?

*पश्चिम भागातले गाव, शाळा, ग्रामपंचायत किंवा बचाव पथक:* आधी आडवी तार. उलट्या ‘व्ही’च्या आकारात, ७ आणि ३.५ मेगाहर्ट्झ दोन्हींसाठी. उभ्या अँटेनाचा विचार नंतर.

*मंचर, नारायणगाव, आळेफाटा परिसरातले हौशी, ज्यांना परदेशाशी संपर्क करायचा आहे:* ओलिताच्या शेतात रेडियलसह उभा अँटेना. जवळच्यांशी बोलण्यासाठी सोबत एक आडवी तार असावीच.

*जागा अगदी कमी असेल तर:* उभा अँटेना कमी जागेत मावतो, पण त्याने जवळच्या गावांशी बोलणे होईल अशी अपेक्षा ठेवू नये. लहान अंगणातही बुडाशी वळवलेल्या टोकांची आडवी तार बहुधा बसते.

*१६० मीटर बँड:* इथे डायपोल सुमारे ७८ मीटर लांब होतो. मधला मार्ग म्हणून जितकी तार उभी नेता येईल तितकी न्यायची आणि उरलेली आडवी ओढायची. उलट्या ‘एल’च्या आकाराचा हा अँटेना थोडा दूर, थोडा जवळ असे दोन्ही देतो. रेडियल मात्र त्यालाही लागतात.

एक गैरसमज बऱ्याच जणांत असतो की दोन्ही टोकांना सारखाच अँटेना हवा. समोरासमोर, सरळ रेषेत बोलणाऱ्या उच्च कंप्रतेच्या संचांसाठी ते खरे आहे. आयनोस्फिअरमधून परतलेल्या लहरीचा उभा-आडवा भेद मात्र वाटेतच बिघडतो. त्यामुळे एका टोकाला उभा आणि दुसऱ्याला आडवा अँटेना असूनही संपर्क होतो, फक्त दोन्हींचा कोन त्या अंतराला जुळला पाहिजे.

शेजारी जीएमआरटी आहे

जुन्नर तालुक्यात खोडदजवळ जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या. जागा निवडताना इथला कमी कृत्रिम गोंगाट हे एक कारण होते. आयनोस्फिअर पुरेसे शांत राहावे इतके हे ठिकाण चुंबकीय विषुववृत्तापासून उत्तरेला आहे, हे दुसरे. हॅमला ज्या थराची मदत होते, तोच थर खगोलशास्त्रज्ञांच्या वाटेत येतो.

हौशींच्या दृष्टीने यातून एक जबाबदारी येते. लो-बँडच्या कंप्रता दुर्बिणीच्या कंप्रतांपेक्षा खूप खाली आहेत, पण सदोष संच मूळ कंप्रतेच्या पटीतल्या नको त्या लहरीही सोडतो. १४४ मेगाहर्ट्झचा हौशी बँड तर जीएमआरटी ऐकते त्या पट्ट्यातच पडतो. त्यामुळे या परिसरात प्रक्षेपण सुरू करण्याआधी वेधशाळेशी बोलून घ्यावे, संचाला योग्य फिल्टर लावावा आणि लागेल तेवढीच शक्ती वापरावी.

परवाना आणि काळजी

परवान्याशिवाय हौशी रेडिओवर बोलता येत नाही. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. वयाची १२ वर्षे पूर्ण झाली की ती देता येते. भारतीय हौशींचे कॉलसाइन बहुधा ‘व्हीयू२’ किंवा ‘व्हीयू३’ने सुरू होते.

तार ओढताना शेतातल्या ११ केव्हीच्या वाहिन्यांपासून इतके अंतर ठेवावे की खांब किंवा तार कोणत्याही बाजूला पडली तरी वाहिनीला लागणार नाही. प्रक्षेपण चालू असताना तारेच्या टोकांवर मोठा व्होल्टेज असतो. ती हाताला लागणार नाहीत अशी उंच बांधावीत. आभाळ भरून आले की केबल संचापासून काढून बाहेर टाकावी.

आणि सराव करावा. पुराच्या रात्री पहिल्यांदा तार उघडून बघायची वेळ आली तर ती तार कामाची नसते. पावसाळ्याआधी एखाद्या रविवारी सकाळी ७ मेगाहर्ट्झवर आणि रात्री ३.५ मेगाहर्ट्झवर पुण्याशी, नाशिकशी संपर्क होतो का हे पाहून ठेवावे. आवाज पोहोचला तर तार बरोबर लागली आहे. दिल्ली ऐकू येत असेल आणि पुणे नाही, तर तिचा कोन चुकतो आहे असे समजावे.